नाशिकहून गीरचे सिंह: परमिट, प्रवास आणि जिप्सीतले तीन तास

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकचं सहा जणांचं कुटुंब. सत्तरीचे आजी-आजोबा, आई-बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. दिवाळीच्या सुट्टीत गीरला जाऊन मोकळ्या रानातला सिंह बघायचा आहे. किती दिवस काढावेत, गाडीने जावं की रेल्वेने, कुंपणातल्या देवळिया पार्कची सफारी पुरेशी आहे का आणि उघड्या जिप्सीत एवढ्या लहान मुलाला न्यावं का, हे विचारलंय.

सगळ्यात आधी क्रम पक्का करा: परमिट, मग प्रवासाचं तिकीट, मग हॉटेल. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं होतं. रजा मंजूर होते, रेल्वेचं आरक्षण होतं, जिथून गीरची सफारी सुटते त्या सासणच्या एखाद्या रिसॉर्टला आगाऊ पैसे जातात आणि शेवटी कोणीतरी सफारीचं बुकिंग उघडून बघतं. तोवर त्या आठवड्यातल्या सगळ्या फेऱ्या भरलेल्या असतात. गीर जंगल सफारीचं परमिट तीन महिने आधीपासून काढता येतं, रेल्वेचं आरक्षण मात्र साठ दिवस आधी उघडतं. त्यामुळे परमिट हातात येऊन मग गाडी बघायला पुरेसा वेळ असतो. दिवाळीसाठी हे काम साधारण गणपतीच्या आसपास, कधी त्याच्याही आधी करावं लागतं.

परमिट गुजरात वनविभागाच्या एकाच अधिकृत संकेतस्थळावर निघतं. पत्ता: गिरलायन डॉट गुजरात डॉट गव्ह डॉट इन. इंटरनेटवर नुसतं ‘गीर सफारी बुकिंग’ शोधलंत तर वर येणाऱ्या दुव्यांत खासगी दलालांची पानंच जास्त असतात. त्यांवर सिंहाचा फोटो, सरकारी वाटावा असा शिक्का, सगळं असतं. पत्त्यात ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर तिथे पैसे भरू नका. ट्रॅव्हलवाल्याकडून करून घेतलंत तरी परमिट शेवटी त्याच संकेतस्थळावर निघतं, म्हणून त्याच्याकडे परमिटाची प्रत मागा. ‘काम झालंय, काळजी करू नका’ असा व्हॉट्सॲपवरचा निरोप गेटवर चालत नाही.

अर्ज भरण्याआधी एका कागदावर सहाही जणांची नावं, वयं आणि ओळखपत्रांचे क्रमांक लिहून ठेवा. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच लिहायचं. आधारवर ‘सुलोचना’ असेल आणि परमिटावर घरातलं ‘माई’ गेलं, तर आत सोडण्याआधी वाद होतो. मुलांचंही आधार सोबत ठेवा आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं घ्या, फोनमधले फोटो नकोत. पैसे भरताना साइट अडकली आणि खात्यातून रक्कम गेली, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी आपल्या लॉगिनमधल्या बुकिंगच्या यादीत परमिट आलंय का ते बघा, नाहीतर एकाच फेरीचे दोनदा पैसे जातात. तारीख किंवा नाव मागाहून बदलेल असं गृहीत धरूच नका. नाव असलेला माणूस आला नाही तर काही बिघडत नाही, पण त्याच्या जागी दुसरा घेता येत नाही. घरात कोणाकडे परदेशी पासपोर्ट असेल, अमेरिकेत जन्मलेली नातवंडं वगैरे, तर त्यांना परदेशी पर्यटकाचा दर लागतो. तो भारतीयांच्या दराच्या कैकपट असतो.

एक परमिट म्हणजे एक जिप्सी. तीत सहा जण आणि वर तीन ते बारा वर्षांचं एक मूल चालतं. तुमचं कुटुंब एका जिप्सीत बसतं, ही मोठी सोय आहे. सोबत काका-काकूंचं कुटुंबही निघालं तर दुसरं परमिट लागेल आणि दोन्ही जिप्सी एकाच वाटेने जातील याची हमी नाही. कोणत्या रूटवर जायचं हे पर्यटकाच्या हातात नसतंच, त्यामुळे ‘अमुक नंबरचा रूट मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे द्यायची गरज नाही. खर्चाचे भाग तीन: परमिट, जिप्सीचं भाडं आणि गाइडचं शुल्क. शनिवार-रविवारी आणि सणाच्या दिवसांत परमिट महाग असतं. ऑनलाइन काय भरलं आणि तिथे काय द्यायचंय हे बुकिंगच्या वेळीच नीट वाचा आणि थोडी रोख जवळ ठेवा. कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क लागू आहे का, तेही तिथेच कळतं.

आता दिवाळीबद्दल. जंगल 16 जून ते 15 ऑक्टोबर बंद असतं, 16 ऑक्टोबरला उघडतं. म्हणजे दिवाळीत तुम्ही पावसाळ्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जाता. रान तेव्हा सुरेख हिरवं असतं, पण सिंह बघायला ते अडचणीचंच. गवत कमरेएवढं उभं असतं, सागाची पानं झडलेली नसतात आणि ओढ्या-नाल्यांत जागोजागी पाणी असल्यामुळे जनावरं पाणवठ्यावर यायला बांधलेली नसतात. त्यात गुजरातमध्ये दिवाळीची शाळेची सुट्टी मोठी असते आणि भाऊबीज ते लाभपंचमी अख्खा सौराष्ट्र फिरायला निघतो. हॉटेलं दुप्पट भावाने, रस्ते भरलेले, परमिट मिळणं कठीण. मुलांची शाळा दोन-तीन दिवस बुडवायची तयारी असेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा मला सगळ्यात योग्य वाटतो. साग निष्पर्ण होऊ लागलेला असतो, दूरवर नजर जाते, थंडी पहाटेपुरती उरते आणि ऊन अजून चटका देत नाही. एप्रिल-मेमध्ये सिंह दिसण्याची शक्यता याहून चांगली असते, कारण पाणी मोजक्या जागी उरतं. पण पारा चाळिशीपार जातो आणि सत्तरीच्या माणसाला किंवा चार वर्षांच्या मुलाला उघड्या जिप्सीत दुपारची फेरी झेपत नाही. मेमध्ये जायचंच असेल तर फक्त पहाटेच्या फेऱ्या घ्या आणि परतताना तालाळ्याचा केसर आंबा आणा, तो तिथलाच आहे. दिवाळीलाच जायचं ठरलं असेल तर निदान लक्ष्मीपूजनाच्या आधीचे दिवस धरा.

प्रवास. नाशिकहून सासणला थेट सोयीची गाडी नाही, म्हणून तीन पर्याय सांगतो.

स्वतःची गाडी असेल तर हाजिरा–घोघा फेरीबोट बघा. सुरतजवळच्या हाजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला गाडीसकट नेणारी ही रो-रो सेवा नोव्हेंबर 2020 पासून चालू आहे. रस्त्याने साधारण 370 किलोमीटरचा वळसा आहे, तो समुद्रातून 90 किलोमीटरवर येतो. नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगावमार्गे सापुतारा, खाली वघई, वासदा, चिखली, मग नवसारी-सुरत आणि हाजिरा. हे अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर आहेत. घाट आणि सुरतची वाहतूक धरून सहा-सात तास लागतात. समुद्रावर चारेक तास. घोघ्याहून सासण आणखी पाच तासांचं. एका दिवसात हे सगळं ओढू नका. सुरतेला किंवा भावनगरला मुक्काम टाका. बोटीची वेळ आणि ती सुटणार की नाही हे समुद्रावर आणि हवामानावर असतं, त्यामुळे बुकिंग केल्यावरही आदल्या दिवशी चौकशी करा आणि बोटीच्या दिवशीच सफारीचं परमिट मुळीच घेऊ नका. बोट रद्द झाली तर तो सगळा वळसा तुम्हाला रात्रीतून मारावा लागेल. गाडी खालच्या डेकवर लावून सगळ्यांना वर जावं लागतं, म्हणून मुलांचे कपडे, आजोबांची औषधं आणि उलटीच्या गोळ्या आधीच हातातल्या पिशवीत काढून घ्या. जिन्यांच्या पायऱ्या आहेत, गुडघेदुखी असेल तर वेळ धरून चला.

रेल्वेने जायचं तर वांद्रे टर्मिनसहून वेरावळला जाणारी गाडी धरायची आणि जुनागढला उतरायचं. तिथून सासण साधारण साठ किलोमीटर, टॅक्सी मिळते. नाशिकरोडहून पंचवटीने दादर गाठता येतं, पण त्यापुढे घोटाळा होतो. दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या बाजूला जायचं, लोकलने वांद्रे, तिथून रिक्षाने टर्मिनस, असा उद्योग सहा जणांनी आणि आठ बॅगांनी करू नये. दादरहून सरळ टॅक्सी करा. मधे किमान तीन तासांची फट ठेवा. दुसरी युक्ती म्हणजे पेठ–कपराडा रस्त्याने वापी गाठून तिथूनच गाडीत चढणं. नाशिक ते वापी दीडशे किलोमीटरच्या आत आहे आणि मुंबईची दगदग टळते. मात्र पावसाळ्यानंतर सावळघाटाच्या रस्त्याची अवस्था काय आहे ते विचारून निघा. गाडी वापीला थांबते का आणि किती वाजता, हे तिकीट काढतानाच बघा आणि चढण्याचं स्थानक वापी टाका. मुंबईचं तिकीट काढून मध्येच चढलात तर बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो.

विमानाने फार काही साधत नाही. ओझरहून अहमदाबादला गेलात तरी पुढे साडेतीनशे किलोमीटर रस्ता उरतोच. मुंबईहून राजकोटला उतरलात तर तो निम्म्यावर येतो, पण त्यासाठी आधी मुंबई गाठावी लागते. आजी-आजोबांना लांबचा प्रवास अजिबात झेपत नसेल तरच हा विचार करा. आणि हो, गुजरातेत दारूबंदी आहे. नाशिकची वाइन भेट म्हणून डिकीत घालून नेऊ नका. सीमेवर गाडी तपासली तर सहल तिथेच संपते.

मुक्काम घेताना ‘गीर’ नावावर जाऊ नका. तालाळा, विसावदर, अगदी उनाकडची हॉटेलंही स्वतःला गीरचं रिसॉर्ट म्हणवतात. सफारीची हजेरी सासणच्या सिंहसदनात, म्हणजे वनविभागाच्या विश्रामगृहात, लागते आणि फेरीच्या अर्धा-पाऊण तास आधी तिथे असावं लागतं. पहाटेची फेरी असेल आणि हॉटेल पंचवीस किलोमीटरवर असेल तर मुलांना चारला उठवावं लागतं. सिंहसदनापासून सात-आठ किलोमीटरच्या आत राहा. रात्री रिसॉर्टच्या आवारात मुलांना एकटं सोडू नका. गीरमध्ये बिबटे भरपूर आहेत आणि निफाड-सिन्नरच्या उसातला बिबट्या माहीत असलेल्या नाशिककराला यापुढे काही सांगायला नको.

देवळिया पुरेसं आहे का? सिंह बघण्यासाठी हो, रानातला सिंह बघण्यासाठी नाही. देवळिया सफारी पार्क सासणपासून बारा किलोमीटरवर आहे. 412 हेक्टरचं, चहूबाजूंनी कुंपण घातलेलं जंगल. आत जाळीची बस किंवा जिप्सी तासाभरात फिरवून आणते आणि सिंह दिसतोच असं धरून चाला. झाडं-झुडपं खरी, सिंह खरा, फक्त त्याला हद्द आहे. मुंबईच्या बोरिवलीतली सिंह सफारीही कुंपणातलीच, पण देवळियाचं रान गीरचं आहे, एवढा फरक. बुधवारी देवळिया बंद असतं, हे न बघता नेमका बुधवार मोकळा ठेवणारी कुटुंबं दर मोसमात गेटवरून परततात. पावसाळ्यात गीरची वाट बंद असताना देवळिया मात्र चालू राहतं.

तुमच्यासाठी आखणी अशी करा. सासणला तीन रात्री. पहिल्या दिवशी पोहोचून फक्त विश्रांती. दुसऱ्या दिवशी पहाटेची जंगल फेरी, सहाही जण. त्याच दिवशी संध्याकाळी काहीही ठेवू नका, मुलं झोपतात आणि झोपू द्यावीत. तिसऱ्या दिवशी दुपारची जंगल फेरी: आई, बाबा, मुलगी आणि आजोबांना हुरूप असेल तर आजोबा. चौथ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी देवळियाची बस आणि तिथून परत. देवळिया मुद्दाम शेवटी ठेवलंय. आधी ठेवलंत तर मुलं जंगलातही दर दहा मिनिटांनी ‘सिंह कुठाय’ विचारत राहतात, कारण देवळियात तो लगेच दिसलेला असतो. जंगलात दोन फेऱ्यांत सिंह दिसला नाही, तर मुलांच्या पदरात शेवटी देवळियाचा सिंह पडतोच. एकच जंगल फेरी काढून ‘नशिबात असेल तर दिसेल’ म्हणणाऱ्यांनी मात्र इतका लांबचा प्रवास करू नये.

शक्यता इतकी दोलायमान का, तर गीरचं अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून 1412 चौरस किलोमीटर आहे आणि पर्यटकांच्या वाटा त्याच्या एका कडेला आहेत. मे 2025 च्या गणनेत गुजरातमध्ये 891 सिंह मोजले गेले. 2020 मध्ये हाच आकडा 674 होता. यातले निम्म्याहून जास्त आता गीरच्या संरक्षित हद्दीबाहेर राहतात: अमरेलीच्या शेतांत, किनाऱ्यालगत, गिरनारला, माळरानावर. सिंह वाढले म्हणून तुमच्या जिप्सीसमोर जास्त येतील असं नाही.

फेऱ्या दिवसाला तीन असतात, प्रत्येकी तीन तासांच्या: पहाटे, सकाळी उशिरा आणि दुपारी. वेळा ऋतूप्रमाणे सरकतात, परमिटावर छापलेली वेळ प्रमाण. पहाटेची फेरी सर्वांत चांगली. सिंह रात्रभर फिरून नुकता टेकलेला असतो किंवा टेकायच्या बेतात असतो, वाटेच्या धुळीत ताजे ठसे असतात आणि कधी डरकाळीही ऐकू येते. मधली फेरी न घेतलेली बरी. ऊन चढलं की सिंह करवंदीच्या जाळीत शिरतो आणि दिवसाचे बहुतेक तास झोपूनच काढतो. दुपारच्या फेरीचा शेवटचा तास कामाचा. ऊन उतरतं, तो उठतो, आळोखेपिळोखे देतो, पाण्याकडे निघतो.

जिप्सीत बसायच्या जागा महत्त्वाच्या आहेत आणि तिथे कोणी सांगत नाही. पुढे चालक आणि गाइड, मागे तीन-तीनच्या दोन उंच रांगा. मागची रांग चाकांच्या वर असते, प्रत्येक खड्डा तिथे दुप्पट बसतो. आजी-आजोबा पुढच्या रांगेत, चार वर्षांचा त्यांच्या मधे. बाबा, आई आणि मुलगी मागे. कमरेच्या मणक्याचं दुखणं, नुकतीच शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर जिप्सी नकोच, देवळियाची बस बरी. चढताना पाय बराच उंच टाकावा लागतो. आजींनी त्या दिवशी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला तर त्यांचंच सोपं होईल.

थंडीचा अंदाज लोक हमखास चुकतात. गुजरात म्हणजे गरम, असं मनात असतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या, धावत्या जिप्सीत लागणारा वारा निफाडच्या थंडीइतका बोचतो. मुलांना कानटोपी, हातमोजे, वाऱ्याला अडवणारं जॅकेट आणि पायांवर टाकायला एक पातळ ब्लँकेट द्या. नऊच्या सुमारास हे सगळं काढावं लागतं, म्हणून थर घाला. फेब्रुवारीनंतर प्रश्न धुळीचा. पुढे जिप्सी असेल तर तिचा लाल फुफाटा सरळ तोंडावर येतो. प्रत्येकाला एक सुती रुमाल द्या, नाका-तोंडावर किंचित ओला करून बांधायचा. दम्याचा त्रास असणाऱ्याने पंप खिशात ठेवायचा, बॅगेत नाही. रंग खाकी, करडा, मळकट हिरवा असे काहीही चालतात. सैन्यासारखे ठिपक्यांचे कपडे विकत घ्यायची गरज नाही. फक्त पांढरं, चकाकणारं आणि अत्तर टाळा.

तीन तासांत उतरायला मिळेलच असं धरू नका. निघण्याआधी सिंहसदनात सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या. पहाटे चहाचा मोह आवरा, मुलांना दूध परत आल्यावर. पाणी स्टीलच्या बाटलीत घ्या, प्लास्टिकवर गीरमध्ये बंदी आहे. खाऊ शक्यतो परत आल्यावरच. वेफरच्या पाकिटाचा कुरकुर आवाज रानात लांबवर जातो आणि वानरं त्यावर टपलेलीच असतात.

चार वर्षांच्या मुलाला नेणं सुरक्षित आहे का? सिंहापुरतं म्हणाल तर, नियम पाळले तर सुरक्षित आहे. सिंह जिप्सीला माणसांसकट एकच मोठी वस्तू समजतो, असं दिसतं. उभं राहणं, हात बाहेर काढून हलवणं, खाली उतरणं, ओरडणं यांनी ती आकृती मोडते आणि त्याचं लक्ष माणसाकडे जातं. म्हणून उभं न राहण्याचा नियम शोभेचा नाही. मुलाच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच असते: तो कंटाळतो, रडतो, आणि त्याच वेळी गाइड ‘चूप’ म्हणून हात वर करतो. त्याची तयारी नाशिकमध्येच करता येते. नांदूरमध्यमेश्वरला एका रविवारी पहाटे जा, दुर्बीण न्या, दोन तास न बोलता पक्षी बघायला लावा. जो मुलगा तिथे तास-दीड तास बसला तो गीरला बसेल. नाही बसला, तर त्याला आजीसोबत रिसॉर्टवर ठेवून एक फेरी करायची की काय, हे तेव्हाच ठरवता येईल. दुर्बीण 8×42 पुरते, मुलीच्या हाताला जमेल अशी हलकी घ्या.

सिंह शोधायचा कसा, तर डोळे खाली ठेवून. नवखा माणूस झाडांच्या उंचीवर, दूर बघत राहतो. बसलेला सिंह गुडघ्याच्या उंचीवर असतो आणि सागाच्या वाळक्या पानांच्या रंगात इतका मिसळतो की वीस फुटांवरून दिसत नाही. करवंदीच्या, बोरीच्या जाळीच्या सावलीकडची बाजू बघा, कोरड्या ओढ्याच्या काठाखालची वाळू बघा. आधी पूर्ण सिंह दिसत नाही. दिसतं ते माशी हाकलायला हललेलं कानाचं टोक किंवा जमिनीवर आपटलेला शेपटीचा काळा गोंडा. तिथे नजर ठरवली की मग पाठीची रेघ सापडते. आवाजांकडेही कान हवा. चितळाचा एकच तीक्ष्ण पुकार एकदा आला तर सोडून द्या, पण तोच थांबून-थांबून येत राहिला आणि कळप एकाच दिशेला मान करून उभा असेल, तर तिकडे काहीतरी आहे. ते बिबट्याही असू शकतं. वाटेच्या कडेच्या मऊ मातीत ठसा दिसला तर मुलीला नखं शोधायला सांगा. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात, सिंह-बिबट्याच्या नाहीत, कारण चालताना ते नखं आत ओढून घेतात. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा ठसा सिंहाचा, त्याच्या निम्म्या-पाऊणपट बिबट्याचा.

दिसल्यावर काय बघायचं तेही सांगून ठेवतो, नाहीतर पाच मिनिटं फोनमध्ये जातात. आशियाई सिंहाच्या पोटाखाली कातडीची एक लांब घडी लोंबते, आफ्रिकेतल्या सिंहांत ती क्वचित दिसते. आयाळ विरळ असते, त्यामुळे नराचे कान उघडे दिसतात. कोपरांवर केसांचे झुपके असतात. आणि नर, मादी, बछडे असं चित्रातलं ‘कुटुंब’ सहसा दिसत नाही. गीरमध्ये माद्या पिल्लांसह वेगळ्या राहतात आणि नर दोन-तिघांच्या टोळीने वेगळे हिंडतात. समागमाच्या काळात किंवा मोठ्या शिकारीवरच ते एकत्र येतात. त्यामुळे नुसत्या माद्या दिसल्या म्हणून हिरमुसू नका. एका ठिकाणी सिंह दिसला की मागून जिप्सी येत राहतात आणि प्रत्येकीला थोडीच मिनिटं मिळतात. पहिलं मिनिट नुसतं बघा, मग फोटो.

फोटोसाठी फोनचा डिजिटल झूम निरुपयोगी, त्यापेक्षा चित्रफीत काढा. कॅमेरा असेल तर 300–400 मिमीची लेन्स पुरे. पहाटे उजेड कमी असतो, शटर 1/500 च्या खाली जाऊ देऊ नका, आयएसओ वाढला तर वाढू द्या. ट्रायपॉडला जिप्सीत जागा नाही. एका जाड कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून ती समोरच्या लोखंडी दांड्यावर ठेवा आणि त्यावर लेन्स टेकवा. चालकाला इंजिन बंद करायला सांगा, त्याच्या थरथरीने निम्मे फोटो हलतात. फ्लॅश चालत नाही. लेन्स धावत्या जिप्सीत बदलू नका, धूळ सेन्सरवर बसते.

संध्याकाळी हॉटेलबाहेर किंवा पानटपरीवर कोणी ‘रात्री शेतात सिंह दाखवतो, शिकारीवर बसलेला’ असं सांगत येईल. त्याला तिथे ‘लायन शो’ म्हणतात. कोंबडी किंवा वासरू बांधून सिंहाला बोलावण्याचा तो प्रकार आहे. सिंह वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याला असं छेडणं शिकारीच्या गुन्ह्यात मोडतं. अशा प्रकरणांत दाखवणारे आणि बघणारे दोघेही पकडले गेले आहेत. शिवाय आमिषाला सवकलेला सिंह माणसाच्या अंगणात येऊ लागतो आणि भोगावं लागतं ते त्या गावाला. हॉटेलचा माणूसच हे सुचवत असेल तर हॉटेल बदला. अंधार पडल्यावर जंगलातल्या रस्त्यांनी स्वतःची गाडी घेऊन ‘दिसतोय का बघू’ म्हणून फिरणंही नको. वाटेत सिंह आडवा आलाच तर काचा वर, दिवे मंद, गाडी थांबवून तो जाईपर्यंत गप्प बसायचं.

बाकी ठिकाणं थोडक्यात. कमलेश्वर धरणावर मगरी दिसतात, सफारीचा रूट तिकडून गेला तर नशीब. सोमनाथ सासणपासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे, आजी-आजोबांसाठी तिसऱ्या दिवसाची सकाळ त्यात छान जाते. गिरनारला 2020 पासून रोपवे आहे, अंबाजीच्या देवळापर्यंत पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. जेवणाची अडचण नाही. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो आणि ताक मुलांनाही चालतं. तिखट सांभाळून सांगा, काठियावाडी शेव-टमाटरचा ठसका आपल्या काळ्या मसाल्याला हार जात नाही.

आणि गीरचं परमिट मिळालंच नाही तर? संकेतस्थळ रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहा, रद्द झालेल्या जागा मधूनमधून दिसतात. कामाच्या दिवशीची, सोमवार ते गुरुवारची फेरी सणातही तुलनेने लवकर सापडते. तेही जमलं नाही तर जुनागढहून गिरनारची सफारी आहे. ते जंगल लहान, पण सिंह मोकळे, आणि सासणच्या मानाने मागणी कमी. पोरबंदरकडच्या बरडा डोंगरातही ऑक्टोबर 2024 पासून सफारी सुरू झाली आहे. तिथे सिंह अजून मोजकेच आहेत, म्हणून केवळ सिंहासाठी एवढ्या लांब जाऊ नका. धारीजवळचं आंबरडी हे देवळियासारखंच कुंपणातलं पार्क आहे आणि ते मंगळवारी बंद असतं. भावनगरच्या बाजूने येत असाल तर आंबरडी वाटेवरच पडतं, म्हणजे घोघ्याला उतरून पहिल्याच मुक्कामात एक सिंह मुलांच्या खात्यावर जमा करता येतो.